प्रश्नकर्त्याचा शोध : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात मसाईल-वाङ्मयाची चिकित्सा

प्रस्तावना

धर्मग्रंथ आणि धर्माचे दैनंदिन आचरण यांच्या दरम्यान बहुतेक धर्मपरंपरांत एक मधले वाङ्मय निर्माण झालेले आढळते. हिंदू परंपरेत हे कार्य 'निर्णयसिंधू', 'धर्मसिंधू' यांसारख्या निबंधग्रंथांनी केले. इस्लामी परंपरेत ते फतवा आणि मसाईल या दोन प्रकारच्या लेखनाने केले. वुजूला पाणी नसेल तर काय करावे, आजारी माणसाने रोजा ठेवावा काय, मेहर किती असावी व केव्हा द्यावी, पतीच्या निधनानंतर पत्नीने इद्दत कोठे व किती दिवस पाळावी, अशा लहानमोठ्या प्रश्नांची उत्तरे देणारे हे वाङ्मय आहे. कुरआन व हदीस यांचे थेट वाचन न करणाऱ्या सामान्य मुस्लीम कुटुंबापर्यंत धर्माचा आचारविषयक भाग प्रामुख्याने याच वाङ्मयाद्वारे, किंवा ते वाचलेल्या इमाम, काझी आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पोहोचतो.

मराठी समीक्षेने या वाङ्मयाकडे वाङ्मय म्हणून फारसे पाहिलेले नाही. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. तेव्हापासून मराठीतील चर्चा मुख्यतः कायद्याच्या सुधारणेभोवती फिरत राहिली. एका पक्षाने मसाईलच्या पुस्तकांना मागासलेपणाचा पुरावा मानले, तर दुसऱ्या पक्षाने त्यांना प्रश्नातीत प्रमाण मानले. ही पुस्तके कोणाच्या प्रश्नांना उत्तर देतात, हा प्रश्न दोन्ही पक्षांकडून मागे राहिला. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. धार्मिक मतांच्या योग्यायोग्यतेचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. मार्गदर्शनपर लेखनाचा एक प्रकार म्हणून मसाईल-वाङ्मयाची रचना, भाषा व वाचक यांची चिकित्सा करणे एवढीच त्याची मर्यादा आहे.

मसाईल-वाङ्मयाचे स्वरूप

फतवा म्हणजे आज्ञा, असा समज मराठी वृत्तपत्रीय भाषेत रूढ झालेला आहे. वस्तुतः फतवा हे विचारलेल्या प्रश्नाला जाणकाराने दिलेले मत होय. प्रश्न विचारणारा तो मुस्तफ्ती आणि उत्तर देणारा तो मुफ्ती. प्रश्न नसेल तर फतवाही नाही, हे या प्रकाराचे मूळ सूत्र आहे. काझीचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो, मुफ्तीचे मत मात्र विचारणाऱ्याच्या विवेकावर सोपवलेले असते. हा भेद परंपरेने स्वतःच केलेला आहे.

अशा मतांचा संग्रह होऊन त्यांची विषयवार मांडणी झाली म्हणजे फतव्यांचे ग्रंथ तयार होतात आणि त्यांतील प्रश्न गाळून केवळ नियम ठेवले म्हणजे मसाईलची पुस्तके तयार होतात. शुद्धी, नमाज, रोजा, जकात, हज, निकाह, तलाक, वारसा असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या काळी संकलित झालेला 'फतावा-ए-आलमगीरी' हा हनफी मतांचा मोठा संग्रह याच रीतीचा आहे. देवबंदचे दारुल उलूम १८६६ मध्ये स्थापन झाले आणि पुढे टपालाने प्रश्न मागवून उत्तरे पाठविण्याची पद्धत रुळली. छापखाना आणि टपाल यांमुळे दूरच्या गावातील माणसाला नामवंत मुफ्तीचे मत मिळू लागले. ही या वाङ्मयाची मोठी लोकशाही बाजू आहे.

तथापि याच प्रक्रियेत प्रश्नकर्त्याचे रूप बदलले. उर्दू फतव्यांत पुरुषाला जैद, बक्र किंवा अम्र आणि स्त्रीला हिंदा अशी कल्पित नावे देण्याचा संकेत आहे. जैदने हिंदाशी निकाह केला, जैद परदेशी गेला, हिंदाने असे केले, अशा भाषेत प्रश्न मांडला जातो. या संकेताचा लाभ उघड आहे. विचारणाऱ्याची अब्रू झाकली जाते आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर येत नाही. परंतु त्यामुळे हिंदा कोणत्या गावची, ती शेतावर जाते की पडद्यात राहते, तिला वाचता येते काय, प्रश्न तिने विचारला की तिच्याविषयी दुसऱ्याने विचारला, हे सारे पुसले जाते. मसाईलच्या पुस्तकात तर हिंदाही उरत नाही, केवळ नियम उरतो. नियमाला सार्वत्रिकता लाभते आणि त्याच वेळी तो ज्या परिस्थितीतून जन्मला ती परिस्थिती वाचकाच्या दृष्टीआड होते. या वाङ्मयाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव दोन्ही या एकाच ठिकाणी आहेत.

दोन ग्रंथ, दोन दृष्टी

दख्खनच्या मुस्लीम कुटुंबजीवनाचा विचार करताना दोन ग्रंथांची तुलना उद्बोधक ठरते. त्यांपैकी पहिला 'कानून-ए-इस्लाम'. दख्खनी मुसलमान असलेल्या जाफर शरीफ याने डॉ. हर्कलॉट्स यांच्या सांगण्यावरून तो दख्खनीत लिहिला आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संस्कार, छठी, बिस्मिल्ला, हळद, मेंहदी, निकाह, मोहरमची सवारी, उरूस, फातिहा यांचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. यांतील शास्त्रशुद्ध काय आणि लोकाचार काय, याची निवड करण्यात ग्रंथकाराला फारसे स्वारस्य नाही. लोक कसे वागतात ते तो सांगतो.

दुसरा ग्रंथ मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांचा 'बहिश्ती जेवर'. विसाव्या शतकाच्या आरंभी हा ग्रंथ प्रामुख्याने मुली व स्त्रियांसाठी सोप्या उर्दूत लिहिला गेला. अक्षरओळख, पत्रलेखन, हिशेब, घरगुती औषधे यांपासून नमाज, रोजा, निकाह, तलाक यांच्या नियमांपर्यंत त्याचा पल्ला आहे. स्त्रीला धर्माचे ज्ञान पुरुषाइतकेच आवश्यक आहे आणि ते तिला स्वतः वाचून मिळाले पाहिजे, ही त्यामागील भूमिका त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. उर्दू वाचणाऱ्या कुटुंबांत मुलीला लग्नात हा ग्रंथ देण्याची प्रथा पडली, यावरून त्याचा प्रभाव लक्षात यावा.

या ग्रंथाचा एक भाग रूढींच्या खंडनाला वाहिलेला आहे. लग्नातील उधळपट्टी, गाणी, नवसायास, मृत्यूनंतरची जेवणे यांवर ग्रंथकाराने कठोर टीका केली आहे. ही टीका उत्तर हिंदुस्थानातील कसब्यांतल्या शरीफ घराण्यांना समोर ठेवून झालेली आहे, याकडे मात्र लक्ष द्यावे लागते. थानाभवनची पडद्यातली बीबी आणि उमरगा किंवा भूम तालुक्यातील खुरपणीला जाणारी स्त्री यांचे दिवस सारखे नाहीत. दख्खनमध्ये वराकडील मंडळींनी घ्यावयाच्या रकमेला 'जोड्याची रक्कम' असे सभ्य नाव आहे. मेहर हा पत्नीचा हक्क पतीने द्यावयाचा असतो आणि जोड्याची रक्कम पत्नीच्या पित्याकडून घेतली जाते. धर्माचा नियम आणि प्रचलित व्यवहार यांची दिशा येथे नेमकी उलटी आहे. मेहर कागदावर उधार राहते, जोड्याची रक्कम मात्र निकाहापूर्वी रोख मोजली जाते. ढोलकी आणि हळद यांच्या खंडनापेक्षा या व्यवहाराच्या खंडनाची येथे अधिक निकड होती. दुसऱ्या प्रदेशातील रूढी समोर ठेवून लिहिलेल्या ग्रंथावर अवलंबून राहिलेले मार्गदर्शन ती निकड पुरेशा जोराने पुढे आणू शकले नाही.

जाफर शरीफ याच्या ग्रंथात दख्खनचा माणूस आहे, परंतु त्याला मार्गदर्शन नाही. थानवींच्या ग्रंथात मार्गदर्शन आहे, परंतु दख्खनचा माणूस नाही. दख्खनमधील मसाईल-वाङ्मयाला या दोन गोष्टींची सांगड घालणे पुढेही फारसे जमले नाही.

भाषेचा प्रश्न

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळाले होते आणि २०२३ मध्ये ते बदलून धाराशिव झाले. संस्थानच्या काळात राज्यकारभार, न्यायालये आणि उस्मानिया विद्यापीठ (स्थापना १९१८) यांची भाषा उर्दू होती. काझी, मशीद, मदरसा आणि कचेरी यांची भाषा एकच असल्याने धार्मिक मार्गदर्शन आणि सांसारिक व्यवहार यांच्यात भाषेची भिंत नव्हती. निदान शिकलेल्या पुरुषांपुरती तरी नव्हती. हैदराबादच्या जामिया निजामियासारख्या संस्थेकडे दाद मागणे हा त्यांच्या दृष्टीने स्वाभाविक मार्ग होता.

सप्टेंबर १९४८ नंतर ही घडी मोडली. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले होते. जीवितहानीबरोबरच एक सांस्कृतिक हानीही झाली. उर्दूचा राजाश्रय गेला, शाळेची व कचेरीची भाषा मराठी झाली आणि पुढील पिढ्या मराठी शाळांत शिकल्या. घरात बोलली जाते ती दख्खनी. तिच्यात मराठीचा 'नको' आहे आणि जोर देणारा मराठी 'च'सुद्धा आहे. धर्माची पुस्तके मात्र उर्दूतच राहिली. बोलण्याची भाषा दख्खनी, शिकण्याची मराठी, मार्गदर्शनाची उर्दू आणि उपासनेची अरबी, अशा चार भाषांत जिल्ह्यातील मुस्लीम मुलीचे आयुष्य विभागले गेले. या चारांपैकी ती ज्या भाषेत सहज वाचू शकते त्या भाषेत तिच्यासाठी सर्वांत कमी धार्मिक लेखन आहे.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टसारख्या संस्थांनी केला आहे. तथापि मराठी अनुवादांपुढे शब्दांची अडचण राहते. 'प्रेषित', 'परलोक', 'उपासना' हे शब्द बिगरमुस्लीम मराठी वाचकाला इस्लामचा परिचय करून देण्यास सोयीचे आहेत. घरात 'पैगंबर', 'आखिरत', 'इबादत' म्हणणाऱ्या कुटुंबाला तेच शब्द परके वाटतात. मुस्लीम मराठी साहित्य चळवळीने, म्हणजे १९९० मध्ये सोलापुरात फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या पहिल्या संमेलनाने आणि फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या विचारवंतांनी, मराठी हीच आमची भाषा असे ठामपणे मांडले. कविता, कथा आणि वैचारिक लेखनात तिचा परिणाम दिसला. रोजच्या आचारधर्माच्या लेखनापर्यंत मात्र ही चळवळ फारशी पोहोचली नाही.

लोकभाषेतील धर्मशिक्षणाची परंपरा दख्खनला नवीन नाही, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे. विजापूरच्या सूफी वर्तुळातून निर्माण झालेले चक्कीनामे व चरखानामे ही स्त्रियांनी दळताना, सूत कातताना गाण्याची दख्खनी रचना होती. रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विजापूरच्या सूफींवरील अभ्यासात तिचे महत्त्व दाखवून दिले. जात्याचा दांडा, खुंटा, पाळी यांच्या रूपकांतून अल्लाह, पैगंबर व पीर यांचे ज्ञान दळणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचविण्याची ही युक्ती होती. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले नळदुर्ग हे आदिलशाहीचेच महत्त्वाचे ठाणे होते. जात्यावरच्या मराठी ओवीशी या रचनेचे नाते उघड आहे. चक्कीनाम्यात आचाराचे नियम तपशिलाने येत नाहीत, हे खरे. परंतु ऐकणारी व्यक्ती कोण आणि ती त्या क्षणी कोणते काम करीत आहे, याचे भान त्या रचनेला होते. छापील मसाईलमध्ये हे भान नाहीसे झाले.

दुष्काळ, मजुरी आणि इद्दत

मसाईल-वाङ्मयाची खरी कसोटी जिल्ह्याच्या भौतिक परिस्थितीत लागते. धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. १९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतर २०१२ ते २०१६ या काळातील टंचाई यांच्या आठवणी येथील प्रत्येक गावात आहेत. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या कुटुंबापुढे वुजू आणि स्नान यांचा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. कुरआनने (४:४३ व ५:६) पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीने तयम्मुम करण्याची सवलत दिली आहे. हनफी ग्रंथ पुढे जाऊन सांगतात की पाणी जवळ असूनही ते पिण्यासाठी लागणार असेल, स्वतःच्या अथवा आपल्या जनावराच्या तहानेची भीती असेल, तर तयम्मुम चालतो. जनावराची तहान हिशेबात धरणारा हा नियम दुष्काळी मुलखासाठीच केला असावा, असे वाटण्याइतका नेमका आहे. सामान्य मसाईल-पुस्तिकेत मात्र तयम्मुमची कृती क्रमवार दिलेली असते आणि त्यामागील ही कारणमीमांसा एखाद्या ओळीत आटोपलेली असते. हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीला कृतीपेक्षा ती ओळ अधिक महत्त्वाची आहे. आपली नमाज कमी प्रतीची ठरत नाही, एवढा दिलासा त्या ओळीत आहे.

दुसरा प्रश्न ऊसतोडीचा. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांत सर्व जातिधर्मांचे मजूर असतात. हनफी मतानुसार सुमारे पाऊणशे किलोमीटरपलीकडे जाणारा प्रवासी चार रकअतींच्या फर्ज नमाजी दोन करतो. एका ठिकाणी पंधरा किंवा अधिक दिवस राहण्याचा इरादा केला म्हणजे मात्र तो मुक्कामी ठरतो. फड बदलला की कोपी हलते आणि पुढच्या फडावर किती दिवस लागतील हे मुकादमालाच ठाऊक असते. अशा माणसाचा 'इरादा' कोणाच्या हाती आहे? नियम घडला तेव्हा शास्त्रकारांसमोर व्यापारी आणि सैनिक होते. सैन्याच्या मुक्कामाचा इरादा सेनापतीच्या इराद्यावर ठरतो, असा अधीन व्यक्तीविषयीचा विचार त्या ग्रंथांत आहे. तो विचार मजूर आणि मुकादम यांच्या नात्याला लावता येईल. परंतु त्यासाठी हा प्रश्न मजुराच्या परिस्थितीसह मुफ्तीपुढे गेला पाहिजे.

रोज्याबाबतही हेच दिसते. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ व २०१९ मध्ये तो मे महिन्याच्या उन्हात आला आणि २०२४ पासून गळीत हंगामातच येऊ लागला. आजारी व प्रवासी यांना नंतर रोजे भरून देण्याची मुभा कुरआनने (२:१८४–१८५) दिली आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठीही फिकहमध्ये तशी तरतूद आहे. हनफी ग्रंथांत कापणीला आलेले पीक हातचे जाण्याची भीती आणि मजुराच्या पोटापाण्याची निकड यांचीही चर्चा आहे. ही चर्चा मोठ्या अरबी ग्रंथांत राहिली आणि छोट्या पुस्तिकांत तिचा संकोच झाला. परिणामी उचल घेतलेल्या आणि कोयता थांबवता न येणाऱ्या बाईपुढे, उपाशीपोटी काम करावे किंवा रोजा सोडून अपराधी वाटून घ्यावे, असे दोनच पर्याय उरतात.

सर्वांत गंभीर प्रश्न इद्दतीचा आहे. पतीच्या निधनानंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत कुरआनने (२:२३४) सांगितली आहे. या काळात विधवेने घराचा उंबरठाच ओलांडू नये, असा समज सर्वत्र रूढ आहे. हनफी शास्त्राची भूमिका मात्र वेगळी आहे. घटस्फोटितेचा इद्दतीतील खर्च पतीकडे असल्याने तिला बाहेर पडण्याचे कारण नाही. विधवेला पोसणारा कोणी नसल्याने तिला उपजीविकेसाठी दिवसा बाहेर जाता येते, मात्र रात्री तिने आपल्या घरी असावे, असा भेद 'हिदाया'सारख्या ग्रंथांनी केला आहे. घर कोसळले तर तिने दुसरीकडे राहण्यास जावे, अशीही मुभा तेथे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर धाराशिव जिल्ह्यातील लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावे कोसळली. तेव्हा पतीही गेला आणि घरही गेले, अशी स्थिती कित्येक स्त्रियांच्या वाट्याला आली. पत्र्याच्या शेडमध्ये राहून मदतीच्या रांगेत उभे राहणाऱ्या विधवेला या दोन्ही नियमांचा आधार होता. शास्त्रात सवलत होती, रूढीत ती नव्हती आणि दोहोंच्या मध्ये असणाऱ्या पुस्तिकेने शास्त्राची बाजू तिच्यापर्यंत पोहोचविणे अपेक्षित होते. मसाईल-वाङ्मयाच्या यशापयशाचे माप येथे घेतले पाहिजे. हे वाङ्मय कठोर आहे, ही त्यावरची नेहमीची टीका आहे. मूळ शास्त्रातील सवलत गरजवंतापर्यंत पोहोचत नाही, हा त्याचा अधिक मोठा दोष आहे.

प्रश्न ऐकला गेला तेव्हा

प्रश्नकर्त्याची परिस्थिती ऐकून उत्तर बदलल्याचे ठळक उदाहरण खुद्द थानवींच्याच लेखनात आहे. बेपत्ता पतीच्या पत्नीने पतीचे समवयस्क हयात असेपर्यंत वाट पाहावी, असे जुने हनफी मत होते. त्यामुळे तरुण स्त्रीचे सारे आयुष्य अधांतरी राहत असे. विवाहातून सुटण्यासाठी काही स्त्रिया धर्मांतराचा मार्ग पत्करू लागल्या, तेव्हा थानवींनी १९३० च्या दशकाच्या आरंभी 'अल-हीलतुन नाजिजा' या ग्रंथात मालिकी मताचा आधार घेऊन चार वर्षांच्या मुदतीचा मार्ग मोकळा केला. १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यात पती चार वर्षे बेपत्ता असणे हे विच्छेदाचे कारण मान्य झाले. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानसाठी होता आणि हैदराबाद संस्थान तेव्हा त्याच्या कक्षेबाहेर होते. 'बहिश्ती जेवर'च्या कर्त्यानेच पुढे आपल्या मजहबाबाहेरचे मत स्वीकारले, यावरून परंपरेतील लवचिकता स्पष्ट होते. ती जागी झाली याचे कारण स्त्रियांचे संकट प्रश्नाच्या रूपाने समोर उभे राहिले.

असेच दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या शेजारचे आहे. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. लातूरच्या एका पोटगी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने मे २००२ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. पूर्वीच तलाक दिला आहे असे पतीने कैफियतीत नुसते लिहिल्याने तलाक सिद्ध होत नाही. तलाकमागील कारण आणि त्यापूर्वी दोन्ही कुटुंबांच्या मध्यस्थांमार्फत झालेला समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो, असे पीठाने म्हटले. कुरआनमधील मध्यस्थीविषयक आयतीचा (४:३५) आधार त्यामागे होता. याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात याच दिशेने निर्णय दिला. मराठवाड्यातील एका सामान्य स्त्रीच्या पोटगीच्या मागणीतून न्यायालयाने धर्मग्रंथाच्या त्या भागाकडे लक्ष वेधले, ज्याकडे पुस्तिकांचे दुर्लक्ष होत आले होते. तलाक कोणत्या शब्दांनी पडतो याची चर्चा पुस्तिकांत बारकाईने असते. तलाकपूर्वी काय केले पाहिजे, याची चर्चा त्या मानाने थोडी असते.

त्यानंतर कायद्याची स्थिती आणखी बदलली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातील तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. जुन्या आवृत्त्या तशाच पुन्हा छापल्या गेल्या, तर त्यांतील तलाकचे प्रकरण वाचणाऱ्या स्त्रीला आपला विवाह कायद्याने टिकून आहे हे कळणार नाही. मुफ्तीचे धार्मिक मत काय आणि कायद्याने हक्क काय, हे दोन्ही शेजारी शेजारी सांगणे हे आजच्या मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१४ चा विश्व लोचन मदान प्रकरणातील निर्णय विशेष उल्लेखनीय आहे. फतव्याला कायद्याचे बळ नाही, हे तर न्यायालयाने सांगितलेच. त्याशिवाय एखाद्या व्यक्तीच्या हक्कांविषयी, ती व्यक्ती किंवा प्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती विचारीत नसेल तर मत देऊ नये, असेही बजावले. आधुनिक न्यायालयाचे हे म्हणणे आणि मुस्तफ्तीशिवाय फतवा नाही हे परंपरेचे मूळ सूत्र यांत विरोध नाही. हिंदाविषयी जैदने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी हिंदाला विचारावे, एवढीच दोहोंची अपेक्षा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. छापील पुस्तक सर्वांसाठी असते, त्यात प्रत्येक गावाची परिस्थिती कशी यावी? व्यक्तिगत अडचण ऐकण्यासाठी स्थानिक इमाम, काझी आणि घरी शिकविणाऱ्या आपा असतातच. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. मौखिक मार्गदर्शनात सहानुभूती व तारतम्य पुष्कळ असते. परंतु त्याची नोंद होत नाही. एका गावात मिळालेली सवलत शेजारच्या गावाला कळत नाही आणि वादाच्या प्रसंगी शेवटी पुस्तकच उघडले जाते. म्हणूनच पुस्तकाने ऐकण्याची जबाबदारी टाळून चालणार नाही.

निष्कर्ष

वरील चिकित्सेवरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मसाईल-वाङ्मय हे मूलतः संवादातून जन्मलेले वाङ्मय आहे. संकलनाच्या प्रक्रियेत त्यातील प्रश्नकर्ता लोप पावला आणि त्याबरोबर उत्तराचा संदर्भही हरवला.

२. धाराशिव जिल्ह्यातील मुस्लीम कुटुंबांसाठी प्रमाण मानले गेलेले लेखन प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानातील समाज समोर ठेवून झाले. त्यामुळे जोड्याची रक्कम, दुष्काळ, ऊसतोड, शेतमजुरी हे येथील कळीचे विषय त्यात दुय्यम राहिले.

३. शास्त्रग्रंथांत असलेल्या अनेक सवलती, विशेषतः विधवेला उपजीविकेसाठी बाहेर पडण्याची मुभा, या संक्षिप्त पुस्तिकांतून सामान्य स्त्रीपर्यंत पुरेशा पोहोचल्या नाहीत. परंपरा आणि सुधारणा यांच्या वादात ही बाब दोन्ही पक्षांनी दुर्लक्षिली.

४. बेपत्ता पतीचा प्रश्न आणि लातूर प्रकरणाचा निर्णय ही उदाहरणे असे दर्शवितात की स्त्रीचा प्रश्न तिच्या परिस्थितीसह मांडला गेला, तेव्हा शास्त्राच्या आणि कायद्याच्या दोन्ही क्षेत्रांत उत्तर बदलले.

५. घरातील दख्खनी व शाळेतील मराठी यांना जवळची असणारी, 'इद्दत', 'मेहर', 'रोजा' हे रुळलेले शब्द कायम ठेवून समजावून सांगणारी मराठी या लेखनासाठी आवश्यक आहे. चक्कीनाम्यांची परंपरा त्या दृष्टीने मार्गदर्शक ठरू शकते.

महाविद्यालयांतील मराठी, उर्दू, समाजशास्त्र व विधी या विभागांना येथे काम करण्यास वाव आहे. जिल्ह्यातील स्त्रिया इमामांना, काझींना, वकिलांना आणि एकमेकींना जे प्रश्न विचारतात, त्यांचे नावानिशी नव्हे पण परिस्थितीसह संकलन झाले, तर उत्तरे देणाऱ्यांना आपले उत्तर कोणासाठी आहे हे कळेल. उत्तरे विद्वानांनी द्यावीत. प्रश्न मात्र लोहाऱ्याच्या विधवेचा आणि फडावरच्या मजुरिणीचा असावा, आणि तो तिच्याच शब्दांत नोंदविला जावा.